नऊ मोजेपर्यंत

व्हॉल्व्हच्या चाकाला बेचाळीस फेरे होते. बंद करायला बेचाळीस आणि उघडायला पुन्हा बेचाळीस. कृष्णातनं ते पहिल्याच दिवशी मोजले होते, आणि सहा महिने रोज फिरवल्यावर पुढं दोन वर्षं त्यानं त्या चाकाला हात लावला नव्हता. बाकी जे काही झालं ते सगळं त्यातूनच झालं, असं तो म्हातारपणीही म्हणायचा.

बेंदवाडी कृष्णेच्या काठावर, सातारा जिल्हा संपून सांगली सुरू होते त्या अंगाला. एकाहत्तर साली गावानं सोसायटी करून नदीवर पाण्याची योजना उभी केली. काठाला दगडी मोटारघर बांधलं आणि त्यात पाऊणशे हॉर्सपॉवरची मोटार बसवली. ती चालवायला माणूस हवा होता. कृष्णात कोयनानगरला चार वर्षं वीजघरात हाताखाली काम करून आलेला. भूकंपात राहती खोली पडली आणि आईनं निरोप धाडला, "आता माघारी ये." तो आला तो येताना वीज हातात घेऊनच आला, असं गावाला वाटलं. गावात फ्यूज बांधायचा तर कृष्णात, विहिरीवरची मोटार जळली तर कृष्णात. शिक्षण सातवीपर्यंतच, पण मोटारीवर नुसता तळहात ठेवून तिचं दुखणं सांगायचा. त्याला त्याचा ताठा होता, आणि तो ताठा गावानंच त्याला दिलेला होता.

मोटार बसवणारा इंजिनियर सांगलीचा, विश्रामबागेत राहणारा. जाताना त्यानं कृष्णातला समोर उभं करून सांगितलं होतं, "हे बघ, निजलेली मोटार उठताना चालत्या मोटारीच्या सहापट वीज ओढते. तुझ्या शेतातल्या पाटासारखंच आहे हे. वरच्या अंगाला कुणी एकदम मोठं दार मोडलं की खालच्या सऱ्या कोरड्या पडतात. तुझी मोटार तारेच्या वरच्या अंगाला आहे. तू एकदम ओढलीस तर खालच्या सगळ्यांची वीज खाली बसेल."

"मग काय करायचं?"

"तिला बोजा न देता उठवायची. आधी व्हॉल्व्ह बंद कर, म्हणजे उठताना तिला पाणी ढकलावं लागणार नाही. मग हँडल पहिल्या टप्प्यावर घे. या टप्प्यात ती थोडीच वीज घेते. वीस आकडे मोज. आवाज चढून सपाट झाला की मगच दुसरा टप्पा. त्यानंतर व्हॉल्व्ह सावकाश उघड. घाई करायची नाही."

सहा महिने कृष्णातनं देवपूजेसारखं केलं. पहाटे बेचाळीस फेरे, मग वीस आकडे, मग पुन्हा बेचाळीस फेरे. मोटारघरात एक पिवळा दिवा होता. मोटार उठताना तो जरासा मिचकावायचा, एवढंच.

एकदा वीज दुपारी गेली आणि तासाभरानं आली. बांधावर पाण्याची दारं धरून बसलेली माणसं ओरडत होती, ऊस सुकत होता. कृष्णात व्हॉल्व्ह बंद करायचा विसरला. हँडल पहिल्या टप्प्यावर घेतलं, चार मोजले आणि गडबडीत दुसऱ्यावर ढकललं. दिवा निखाऱ्यासारखा लाल झाला. मोटार गुरगुरली, थरथरली, आणि उठली. पाणी क्षणात वर गेलं. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "वा रं गड्या! एका दमात उठिवलीस की!"

ती शाबासकी त्याच्या डोक्यात बसली. त्या दिवसापासून व्हॉल्व्ह उघडाच राहू लागला आणि वीसचे चार झाले. चाकावर गंज चढला.

खाली तारेवर मात्र त्रास सुरू झाला. मोठी मोटार उठली की विहिरींवरचे स्टार्टर खटाखट पडायचे. वीज कमी झाली की मोटार जळू नये म्हणून स्टार्टर आपोआप सुटतो, आणि पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटार चालू होत नाही. म्हणजे रोज सकाळी माणसांनी शेतातून विहिरीपर्यंत पळायचं. लोक कुरकुरायला लागले. कृष्णातनं बेचाळीस फेरे पुन्हा सुरू केले असते तर कुरकुर त्याच दिवशी थांबली असती. पण एका दमात मोटार उठवणारा माणूस पुन्हा चाक फिरवताना दिसला असता. त्यानं दुसरीच वाट काढली. बाभळीच्या लाकडाच्या लहान लहान पाचरी तासल्या आणि विहिरी-विहिरीवर जाऊन हिरव्या बटणात ठोकून दिल्या. बटण दाबलेलंच राहिलं. आता स्टार्टर पडला तरी वीज सावरली की आपला आपण उचलायचा. कुणाला पळायला नको. अशा बावीस पाचरी त्यानं गावाला दिल्या, आणि पेटीच्या आत काय केलं ते न विचारता लोकांनी त्यालाच दुवा दिला.

तेविसावी पाचर आप्पासोच्या गुऱ्हाळाला गेली.

आप्पासोचं गुऱ्हाळ मोटारघरापासून हाकेच्या अंतरावर. चौऱ्याहत्तर सालच्या माघात तिथं चरकावर ऊस घालायला सिद्धू होता. सिद्धू माणदेशाकडचा धनगर. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, वीस-बावीस उरली, ती बापाकडं ठेवून तो बायकोला घेऊन हंगामाला आला होता. उंच, हाडकुळा, बोलणं कमी. चरकाच्या पोलादी लाटांमध्ये ऊस सरकवताना त्याचा हात कधी वीतभराच्या आत गेला नाही. आप्पासो त्याला चिडवायचा, "सिद्ध्या, चरकाला का सासू समजतूस काय रं? लांबनं नमस्कार?"

"चावणारं हाय आप्पा," सिद्धू म्हणायचा. "चावणाऱ्याफुडं मान राखूनच ऱ्हावं."

एके सकाळी कृष्णातनं मोटार उशिरा उठवली आणि चालता चरक मध्येच थांबला. सिद्धूनं हात बाजूला घेतला, आप्पासोनं जाऊन बटण दाबलं, मग चरक पुन्हा फिरू लागला. आप्पासो तणतणत मोटारघरावर आला. "कृष्णा, तुझ्या मोटारीपायी माझा चरक पडतोय गड्या. रस नासला तर काईल तुझ्या डोक्यावर वतू का?"

"आता न्हाई पडायचा," कृष्णात म्हणाला. संध्याकाळी गुऱ्हाळ थंड झाल्यावर तो गेला, स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडलं, पाचर ठोकली आणि झाकण लावून टाकलं. आप्पासोला एवढंच सांगितलं, "काम झालं." काय केलं ते सांगितलं नाही. हुशारीचं काम उघडं करून दाखवायची त्याला सवय नव्हती. सिद्धूला तर तेवढंही कळलं नाही. त्याला एवढंच ठाऊक होतं की थांबलेला चरक आप्पासोनं बटण दाबल्याशिवाय फिरत नाही.

तिसऱ्या दिवशी कृष्णातचा मेव्हणा आला. जोतीराम विट्याचा. तिकडं दूर सेलमला त्याचं सोनं गाळायचं दुकान होतं. अंगात टेरिलिनचा सदरा, बोटात दोन अंगठ्या. कृष्णातच्या बायकोनं, साळूबाईनं, भावासाठी पुरणपोळीचा घाट घातला, आणि जेवायच्या आधी कृष्णातनं त्याला मोटारघर दाखवायला नेलं. मोटार पहाटेपासून चालू होती. जोतीरामनं इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, ही तर चालूच हाय. हिच्यात तुमचं काय काम?"

तो हसत बोलला होता. पण कृष्णातला ते लागलं. "थांब, दावतो," म्हणून त्यानं चांगली चाललेली मोटार बंद केली. मोटारीचा पंखा थांबेपर्यंत दोघं उभे राहिले. गुऱ्हाळाच्या चिमणीतून धूर सरळ वर चालला होता आणि चरकाचा कर्रकर्र आवाज इथपर्यंत येत होता. कृष्णातला तो ऐकू आला. पुढं आयुष्यभर त्यानं स्वतःला कितीही समजावलं तरी हे एक त्याला खोडता आलं नाही, की चरक चालू आहे हे त्याला ठाऊक होतं.

त्यानं चार मोजले आणि हँडल वर ढकललं. दिवा लाल झाला. मोटार गुरगुरली. चरकाचा आवाज तुटला. कृष्णात मनात मोजत होता, पाच, सहा, सात, आठ, नऊ. मोटार उठली, दिवा पिवळा झाला.

"वा दाजी!" जोतीराम म्हणाला.

त्याच वेळी गुऱ्हाळाकडून ओरडणं ऐकू आलं.

कृष्णात पळत गेला. कुणीतरी मेन स्विच ओढला होता. चार माणसं चरकाच्या लाटा उलट फिरवत होती. सिद्धू ओरडत नव्हता. ओरडत होती त्याची बायको, धोंडुबाई. सिद्धूचं तोंड पांढरं पडलं होतं आणि तो एकच सांगत होता, "बंद हुता. बंद हुता. आडाकल्याला ऊस काढाय गेलो. बंद हुता."

कृष्णातनं त्याचा हात पाहिला. आणि मग त्याचे पाय सिद्धूकडं न जाता स्टार्टरकडं गेले. पेटीचं झाकण उघडलं, पाचर उपटली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. त्यानं ते ठरवून केलं नाही, हातानं परस्पर केलं. सगळ्यांची पाठ त्याच्याकडं होती.

सिद्धूला बैलगाडीनं रस्त्याला आणि तिथून ट्रकनं सांगलीच्या दवाखान्यात नेलं. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा राहिला.

गावात चार दिवस तेच बोलणं. आप्पासो त्या वेळी काईलीपाशी होता, बाकीचे चुलवाणात चिपाड सारत होते. जाळाच्या धडधडीत चरक थांबलेला कुणी ऐकला नव्हता की पाहिला नव्हता. पाहिला तेव्हा तो फिरत होता. "बंद असल्याला चरक हात कसा खाईल?" आप्पासो चावडीवर म्हणाला. "डुलकी लागली आसंल. न्हाईतर आदल्या राती झोकली आसंल. पोरगं वंगाळ न्हाई, पर खोटं बोलतंय." लोकांनी माना हलवल्या. कृष्णात तिथंच बसला होता. त्यानंही मान हलवली.

जोतीराम दुसऱ्या दिवशी सेलमला गेला. त्याच्या ध्यानात काही आलंच नव्हतं.

आठवड्यानं कृष्णात सांगलीला गेला. केळी घेतली होती. सांगायचं म्हणूनच निघाला होता. एसटीत पूर्ण वाट शब्द जुळवत होता. सिद्धू खाटेवर बसला होता, हाताला कापसाचा मोठा गोळा. धोंडुबाई खाली फरशीवर बसली होती. ती उठून उभी राहिली. गावातून आलेला तो पहिलाच माणूस होता.

"बसा दादा," ती म्हणाली. "आवं, तुमी तरी गावात सांगा. ह्यो मानूस एक वेळ उपाशी मरंल, पर खोटं न्हाई बोलायचा."

सिद्धूनं हाताचा गोळा मांडीवर घेतला. मग म्हणाला, "कृष्णातभाऊ, तुमी मोटारवालं. तुमाला ह्यातलं ठावं. मला एक सांगा. बंद पडल्याला चरक आपल्या आप सुरू हुतो का?"

तो अगदी साधेपणानं विचारत होता. उत्तर ऐकायला त्यानं मान थोडी पुढं केली होती.

कृष्णात म्हणाला, "न्हाई हुत."

सिद्धूनं मान खाली घातली. "मग माझंच चुकलं आसंल," तो म्हणाला. "मला तर सपष्ट आठवतंय. पर तुमी म्हंता म्हंजे..."

कृष्णात केळी ठेवून बाहेर आला. एसटी स्टँडवर त्याच्या समोरून कराडच्या दोन गाड्या सुटल्या तरी तो बाकावरून उठला नाही.

घरी आल्यावर त्यानं पाचर खिशातून काढली नाही. रोज सदरा बदलला की ती नव्या खिशात जायची. पहाटे मोटारघरात तो आता गंजलेलं चाक तेल घालून फिरवायचा, बेचाळीस फेरे. वीस मोजायचा. पण नऊ आला की त्याचा आवाज बसायचा. नऊनंतरचे आकडे तो ओठांनीच म्हणायचा. विहिरीवरचे स्टार्टर आता पडत नव्हते. लोकांना वाटलं, वरून वीजच चांगली येतेय.

एके दिवशी साळूबाईनं धुण्यासाठी सदरा घेतला आणि खिसा उलटा केला. "आवं, ह्यो लाकडाचा तुकडा कवाधरनं घिऊन फिरताय?" ती चुलीपाशी होती. तिनं तो सहज जाळाकडं नेला. कृष्णातनं झडप घालून तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की तिच्या हातातली बांगडी पिचकली.

साळूबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग त्यानं खाली बसून सगळं सांगितलं. चाकाचं, पाचरीचं, दवाखान्यातल्या उत्तराचं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. शेवटी म्हणाली, "माझ्या भावाला दावायला चालती मोटार बंद केलीसा?"

"व्हय."

"आन् त्या मान्साला तोंडावर खोटं पाडलंसा?"

"व्हय."

तिनं बांगडीचे तुकडे वेचले. "बोटं काय आता तुमच्यानं देववणार न्हाईत," ती म्हणाली. "पर त्याचा शबूद तरी त्याला माघारी द्या."

फाल्गुनात हंगाम संपून गुऱ्हाळ उलगायच्या आदल्या दिवशी सिद्धू आणि धोंडुबाई आपलं घोंगडं आणि भांडी न्यायला आले. चरक अजून चालू होता, सात-आठ माणसं होती. कृष्णातला कळलं तसा तो आला. त्यानं खिशातून पाचर काढून आप्पासोच्या हातावर ठेवली.

"ही काय?"

"तुझ्या स्टार्टरात हुती. मी ठोकल्याली. त्या दिशी मीच काढली."

आप्पासोला काही उमजेना. "मग? तिचा काय संबंध?"

"सांगून पटायचं न्हाई. बघा." कृष्णातनं पाचर पुन्हा हिरव्या बटणात ठोकली. चरकाच्या लाटांत दोन ऊस दिले आणि सगळ्यांना मागं सारलं. "चार हात लांब ऱ्हावा. काय बी झालं तरी कुणी फुडं जायचं न्हाई. आप्पा, माझी आण हाय. सिद्धू, तू बघ. नीट बघ."

मग तो मोटारघराकडं चालत गेला. ते अंतर हाकेचंच. आत जाऊन मोटार बंद केली. व्हॉल्व्ह उघडाच ठेवला. त्यानं चार मोजले आणि हँडल वर ढकललं, त्या दिवशी ढकललं होतं तसंच. दिवा लाल झाला. चरकाचा आवाज तुटला. पाच, सहा, सात. बाहेर माणसाचा आवाज नाही, पाखराचा नाही. आठ. नऊ. दिवा पिवळा झाला आणि गुऱ्हाळाकडून कर्र करून चरक पुन्हा फिरू लागला. कुणीही हात न लावता.

परत जाताना ते हाकेचं अंतर त्याला संपेना. माणसं जिथं सोडली होती तिथंच उभी होती. चरक मोकळाच फिरत होता. आप्पासोनं पाचर उपटून लाल बटण दाबलं आणि चरकाला टेकून मटकन खाली बसला. "आयला कृष्णा," एवढंच म्हणाला.

सिद्धू चरकाकडंच बघत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डाव्या हातानं पुसावं हेही त्याला सुचत नव्हतं.

"बंद हुता," तो म्हणाला.

"व्हय. नऊ मोजंपतूर बंद हुता."

"मी रोज राती आठवायचो," सिद्धू म्हणाला. "दवाखान्यात. बंद हुता का चालू हुता. तुमी सांगून गेल्यावर मला चालूच दिसाय लागला. माझ्याच डोळ्यानी मला फसिवलं आसं वाटायचं. बायकूला म्हनलं, म्या खोटं बोललो." तो थांबला. "बोटांचं काय न्हाई कृष्णातभाऊ. ते चुकून झालं आसं मी म्हनंन. पर दवाखान्यात तुमी चुकून न्हाई बोलला."

कृष्णातला माफी मागायची होती. ती राहूनच गेली. धोंडुबाईनं घोंगडं नवऱ्याच्या खांद्यावर टाकलं आणि दोघं रस्त्याला लागली. तिनं जाताना आप्पासोकडं पाहिलं आणि म्हणाली, "चावडीवर बी सांगा म्हंजे झालं." आप्पासोनं त्याच संध्याकाळी सांगितलं. तो तोंडाचा फटकळ खरा, पण चावडीवर स्वतःच्या तोंडात मारून घेऊन सांगितलं.

सोसायटीच्या बैठकीत कृष्णातनं स्वतःहून काम सोडतो म्हटलं. चेअरमन म्हणाले, "तुला काढून कुणाला ठिवू? ऊस काय मी तांब्यानं भिजवू?" त्याला शिक्षा नाही मिळाली. ती मिळाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

मग तो विहिरी-विहिरीवर गेला. बावीस ठिकाणी बावीस पाचरी उपटल्या, आणि प्रत्येक ठिकाणी का उपटतो ते सांगितलं. पहिल्या दोन-तीन ठिकाणी सांगताना जीभ अडली. दहाव्या ठिकाणी एक म्हातारा चिडून म्हणाला, "ऱ्हाऊ दे की रं. पुन्हा स्टार्टर पडला तर मी म्हातारा पळू का?"

"पडला तर पळत माझ्याकडं या," कृष्णात म्हणाला. "आन् चार मान्सांदेखत मला इचारा, आज किती मोजलंस म्हनून."

त्या पाचरी होत्या तोवर त्याची घाई कुणाला दिसत नव्हती. आता त्यानं एक आकडा जरी गाळला असता तरी बावीस विहिरींवर खटाखट वाजून गावाला कळलं असतं. त्यालाही तसंच हवं होतं.

पुढं चार हंगाम गेले. सिद्धूनं पुन्हा मेंढरं वाढवली. सुगी झाली की कळप घेऊन तो नदीकाठच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायला उतरायचा. बेंदवाडीच्या शिवेवरून जायचा, पण मोटारघराकडं कधी वळला नाही. अठ्ठ्याहत्तर साली मात्र एका सकाळी वीज येऊन मोटार उठवायची वेळ झाली होती, आणि कृष्णात चाकाला वाकलेला असताना दारात सावली पडली. खांद्यावर घोंगडं, डाव्या हातात काठी, उजवा हात घोंगड्याच्या आत.

कृष्णात ताठ उभा राहिला. सिद्धूनं पिवळ्या दिव्याकडं पाहिलं, मग काठी टेकून उंबऱ्यावर बसला.

कृष्णातनं चाकाचे उरलेले फेरे पुरे केले. हँडल पहिल्या टप्प्यावर घेतलं आणि मोजायला लागला. मोटार हळूहळू सूर धरू लागली. सहा, सात, आठ. नेहमीसारखा त्याचा आवाज बसला. नववा आकडा तोंडातून येईना.

"नऊ," सिद्धू उंबऱ्यावरून म्हणाला.

"धा," कृष्णात म्हणाला.

वीस झाले. सूर सपाट झाला. हँडल वर गेलं आणि दिवा जेमतेम मिचकावला. सिद्धूनं तो मिचकावताना पाहिला. मग उठला, काठी काखेत धरली आणि कळपाला हाक घालत काठानं निघून गेला. कृष्णातनं चाकाला हात घातला. उघडायचे बेचाळीस फेरे अजून राहिले होते.